उद्या दहा ते चार



गेल्या हिवाळ्यातील, मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातील एक सकाळ. सामायिक आटोपून मी उठले तेव्हा पावणेसात होत आले होते. सूर्य नुकताच वर येत होता आणि तुळशीच्या पानांवरचे दव बोटांना सुईसारखे टोचत होते. देवघराच्या कोनाड्यातील भ्रमणध्वनी हाती घेतला, तो त्यावर संदेश आलेला. देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी उद्या सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आमच्या भागाचा वीजपुरवठा बंद राहणार होता.

असे संदेश नवे नाहीत. ते आले की घरातील कामांचा क्रम तेवढा बदलतो. गच्चीवरची टाकी आदल्या रात्रीच भरून घ्यायची, कपड्यांना इस्त्री करून टाकायची आणि घरघंटीवर पीठ दळून ठेवायचे. पिठाची मर्यादा आपल्याकडे थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन, त्यामुळे हिवाळ्यातील वीजबंदी गृहिणीला तेवढी तरी सवलत देते, असे मी विनोदाने म्हणत असे. परंतु या वेळी संदेश वाचून माझे लक्ष घरघंटीकडे गेले नाही. ते गेले सासूबाईंच्या खोलीकडे, जेथून गेले तीन महिने रात्रंदिवस एका यंत्राची संथ घरघर ऐकू येत होती.

आम्ही सर्वच त्यांना आई म्हणतो. वय शहाऐंशी. जन्म जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात, निजामाच्या राजवटीत. त्यांच्या बालपणी त्या गावात वीज नव्हती, आणि नसल्याची खंतही नव्हती. सूर्यास्तापूर्वी दोन घडी जेवणे उरकत आणि चौविहार घेतला की दिव्याचे काम ते किती! कंदील लावलाच तर त्यावर पाखरे येऊन पडतात म्हणून त्यांचे वडील तो लगेच मंद करीत. नेमगिरीला बैलगाडीने जायचे, गुहामंदिराच्या चिमुकल्या दारातून वाकून आत शिरायचे आणि अंधाराला डोळे सरावले की समोर भव्य जिनबिंब दिसू लागायचे. हे त्या अजूनही इतक्या तन्मयतेने सांगतात की ऐकणाऱ्यालाही तो काळोख हवाहवासा वाटावा. पुढे साठच्या दशकात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले, तेथे जलविद्युत केंद्र उभे राहिले, हळूहळू गावोगावी तारा पोहोचल्या. आईंच्या दिनक्रमात मात्र विजेला फारसे स्थान कधी मिळाले नाही.

आणि आता त्यांचा श्वासच तिच्यावर अवलंबून आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांच्या आजाराचे कारण विचारले तेव्हा आम्ही बुचकळ्यात पडलो होतो, कारण व्यसन तर सोडाच, आईंनी कधी कांदा-लसूणही चाखलेला नाही. डॉक्टरांनी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला, “चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला?” चाळीस वर्षे. दिवस मावळायच्या आत बारा-पंधरा माणसांची पाने वाढली गेली पाहिजेत, म्हणून पावसाळ्यात ओली लाकडे फुंकून फुंकून त्यांनी जी चूल पेटवली, तिचा धूर त्यांच्या छातीत साठत गेला होता. आमची रात्रिभोजन-त्यागाची व्रते ज्या वेळेवर सांभाळली गेली, ती वेळ कोणीतरी अशी मोजली होती, हे मला त्या दिवशी दवाखान्यातील बाकावर बसून कळले.

थंडीविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या परभणीत बर्फ पडत नाही, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते. कारण डिसेंबर उजाडला की राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत नाशिक-निफाडच्या जोडीला परभणीचे नाव येते, आणि पुण्याची भाचे मंडळी फोन करून विचारतात, “मामी, तुमच्याकडे बर्फ पडला का?” वैशाखात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत भाजणाऱ्या या गावात काही हिवाळ्यांत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. हा आकडा बहुधा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतून येतो. १९७२ साली स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ शहराच्या कडेला शेकडो एकर मोकळ्या रानात पसरले आहे. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली सारी उष्णता आकाशाला देऊन टाकते. दाटीवाटीच्या गल्ल्यांत भिंती थोडी ऊब धरून ठेवतात, मोकळ्या रानाला ती सोय नाही. शिवाय हवामानाचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, जाळीच्या पेटीत असतो. तेथे चार अंश असतील तेव्हा गवताच्या पात्याजवळ त्याहूनही कमी असतात, कधी कधी शून्याच्या आसपास. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे आपण दरवर्षी पाहतो, त्यामागचे कारण हेच. ही चार फुटांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

बर्फाचा खरा अनुभव आमच्या घरात एकालाच आहे, तो म्हणजे आमच्या चिरंजीवाला. तो नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिनजवळ राहतो. त्या राज्याचे हवामान आपल्या मराठवाड्याच्या बरेच जवळचे, उन्हाचे. तेथील घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे अवचित हिमवर्षाव झाला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीज वितरण सांभाळणाऱ्या संस्थेने भारनियमन सुरू केले. वायूच्या नळ्या, पवनचक्क्या, औष्णिक केंद्रे, सारेच थंडीने आखडलेले, आणि घरोघरी हीटर पूर्ण जोरात. मागणी तशीच राहिली असती तर ४ मिनिटे ३७ सेकंदांत संपूर्ण जाळे कोसळले असते, आणि ते पुन्हा उभे करायला कित्येक आठवडे लागले असते, असे पुढे जाहीर झाले. वीज आळीपाळीने थोडा थोडा वेळ जाणार होती. पण इतका भार कमी करावा लागला की रुग्णालये आणि अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्या वगळता पाळी फिरवायला काही उरलेच नाही. ज्यांची गेली, त्यांची गेलीच. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात होती.

चिरंजीव आणि सूनबाईंनी तीन दिवस सर्व पांघरुणे एका खोलीत आणून काढले. नळाला पाणी नव्हते. अंगणातील बर्फ बादलीत भरून, वितळवून ते शौचालयासाठी वापरीत. १७ तारखेला ऑस्टिनमध्ये पाणी उकळूनच प्यावे अशी सूचना निघाली. त्याने फोनवर हे सांगितले तेव्हा आई पटकन म्हणाल्या, “मग त्यात नवल ते काय? आम्ही आयुष्यभर दुसरे काय केले?” त्या संकटातही दोन्हीकडे हसू आले. परंतु पुढे तेथील आरोग्य खात्याने मृतांचा अंतिम आकडा २४६ असा दिला. बहुतेक लोक घरातल्या घरात गारठून गेले होते, आणि काही असे होते, ज्यांची श्वसनयंत्रे वीज गेल्याने बंद पडली होती. त्या वेळी हे वाक्य वाचून मी पान उलटले होते. यंत्र तेव्हा आमच्या घरी नव्हते.

असो. आमच्याकडे निदान संदेश तरी आला होता, चोवीस तासांहून अधिक आधी. यंत्राबरोबर आम्ही इन्व्हर्टरही घेतला असल्याने हे निश्चिंत होते. मी वही घेऊन बसले. शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे हिशेब केल्याखेरीज मला चैन पडत नाही. बॅटरी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास, म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास. ऑक्सिजनचे यंत्र साडेतीनशे वॅट घेते. भागाकार पाच तासांचा येतो. पण इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, बॅटरी तळापर्यंत उपसता येत नाही, आणि थंडीत तिची ताकद आणखी घटते. खरे तास साडेतीन, फार तर चार. बंद राहणार होती सहा तास.

हे म्हणाले, “चाचणी घेऊन पाहू.” दुपारच्या आत मुख्य बटण बंद केले. यंत्र इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालू राहिले. आई डोळे मिटून जप करीत होत्या. चाळिसाव्या मिनिटाला इन्व्हर्टर किंचाळू लागला.

बॅटरी मी जिन्याखाली ठेवली आहे, जुन्या सतरंजीखाली, दृष्टीआड. सतरंजी बाजूला केली तर पाण्याची पातळी दाखवणारे सहाही दांडे लाल रेषेच्या खाली गेलेले. त्यात दर दोन-तीन महिन्यांनी शुद्ध केलेले पाणी घालावे लागते, हे बसवणाऱ्या मुलाने सांगितले होते. ती जबाबदारी मी स्वतः होऊन अंगावर घेतली होती आणि मग साफ विसरले होते. बॅटरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला की पत्रे उघडे पडले आहेत, आता पाणी घातले तरी एका रात्रीत ती सुधारणार नाही. आज नवी मिळेल का, तर त्या क्षमतेची दुकानात नव्हती, परवा येईल. वाचकहो, दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर याच सदरात मी पूर्वी दोन-तीनदा लिहिले आहे. ते अंक हाती असतील तर कृपया पुन्हा वाचू नयेत.

आता उरला सिलिंडर. कोरोनाच्या काळात समाजाच्या मंडळाने काही सिलिंडर घेतले होते, ते मंदिराच्या धर्मशाळेत ठेवलेले. त्यांतील एकच जागेवर होता. त्याची चावी शोधण्यात अर्धा तास गेला. मापकाचा काटा साठावर. भरलेला असता तर दीडशेवर असता आणि त्यात दीड हजार लिटर प्राणवायू मावला असता. म्हणजे येथे होते सहाशे लिटर. आईंना मिनिटाला दोन लिटर लागतात. तीनशे मिनिटे, पाच तास. त्यात बॅटरीची चाळीस मिनिटे मिळवली तरी सहा तासांना वीस मिनिटे कमी पडत होती, आणि दुरुस्ती ठरल्या वेळी संपेल ही खात्री कोण देणार? भरून देणारे केंद्र त्या दिवशी बंद होते. दवाखान्यात नेऊन ठेवावे, तर एवढ्या थंडीत शहाऐंशी वर्षांच्या जीवाला रिक्षातून न्यायचे, तेथे जागा मिळवायची, आणि तेथल्या खोकल्या-तापाच्या गर्दीत दिवस काढायचा. डॉक्टर म्हणाले, “शक्य असेल तर घरीच सांभाळा. नाही जमले तर मात्र सकाळी नऊच्या आत आणा.”

या गडबडीतच आमचे मामा आले. मामा म्हणजे आमच्या शेतावरचे सालगडी. वीस वर्षे झाली, आमचे पाच एकर तेच पाहतात. शेत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. ते हातात मोठी बॅटरी, म्हणजे उजेडाची, घेऊन आले होते.

“बाई, एवढी चार्जिंगला लावा. आज रातची लाईट हाय, धा ते सा. गव्हाला पह्यलं पाणी द्यायचंय.”

मी यंत्राच्या नादात “लावा” एवढेच म्हणाले.

त्यांनी लाल दांडे पाहिले, सिलिंडर पाहिला, यांच्याशी दोन शब्द बोलले आणि मला विचारले की मंदिरामागच्या गल्लीतील अमुक घरी विचारले का. त्या घरी २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झाले, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. घरचा कर्ता पुरुष प्राणवायूअभावी गेला. सिलिंडर औरंगाबादहून, आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, रात्रीतून मागवला होता. तो पहाटे पोहोचला आणि माणूस त्याआधी तासभर गेलेला. तो सिलिंडर त्या भगिनींनी परत केला नव्हता, हे मामांना ठाऊक होते, कारण वर उचलून माडीवर नेऊन ठेवणारे तेच होते.

मला तेथे जाण्याचे धैर्य होईना. काय शब्दांत मागायचे? शेवटी गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले, उत्तर दिले नाही, किल्ली आणून मामांच्या हाती दिली. सिलिंडर खाली आला तेव्हा त्यावर सुती कापडाची खोळ होती, धुतलेली. मापकाचा काटा एकशे चाळीसवर. चौदाशे लिटर. मी मनात भागाकार करू लागले आणि मग मलाच लाज वाटून थांबले. त्या भगिनी एवढेच म्हणाल्या, “भरून परत आणायची घाई करू नका.” मग दाराशी येऊन पुन्हा म्हणाल्या, “पण आणा.”

मामांनी तो दुचाकीवर पुढे घेऊन, आमच्या यांना मागे बसवून घरी आणला. रेग्युलेटर बसवला. पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी भरले. प्राणवायू त्यातून बुडबुडे काढीत जातो, म्हणजे नाक कोरडे पडत नाही. सगळे तपासून होईतो साडेचार वाजले होते. मी घाईने खिचडी टाकली. पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे पाचच्या आत पाने वाढायची. मामांनाही वाढले. जेवताना मी सहज विचारले की एवढ्या थंडीत आजच पाणी द्यायला हवे का, दोन दिवसांनी दिले तर?

“एकवीस दिस झालेत आज पेरून. पह्यलं पाणी चुकलं की गहू फुटत न्हाई, बाई.”

हे खरेच आहे. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात, त्या वेळचे पाणी सर्वांत मोलाचे.

“आणि थंडी?”

“थंडी गव्हाला मानवती. मानसाला शेकोटी हाय की.”

ते चार्ज झालेली बॅटरी घेऊन गेले.

संध्याकाळी आईंना चौविहाराचे पच्चक्खाण दिले. त्यांना दिवसभरातील धावपळीतील काहीच सांगितले नव्हते, तरी त्यांना सर्व कळले होते. म्हणाल्या, “माझ्यापायी त्या लाइनच्या पोरांना घाई करू नका म्हणावं. खांबावर माणूस असतो.” हेही मला सुचले नव्हते. थंडीतील धुके आणि दव, त्यात वर्षभराची धूळ, यांमुळे खांबावरील चिनीमातीच्या चिमण्यांवर वीज चटकते आणि पहाटेच्या वेळी वाहिनी वारंवार बंद पडते. त्या पुसायला, फुटक्या बदलायला, तारांना टेकलेल्या फांद्या तोडायला तार मृत करावी लागते. दोन्ही बाजूंनी ती जमिनीशी जोडून ठेवतात, म्हणजे चुकून कोणी वीज सोडली तरी वरचा माणूस वाचावा. आमचे सहा तास हे त्याच्या जिवाचे सहा तास असतात.

रात्री मी आईंच्या खोलीतच झोपले. दर तासाला जाग येत होती. दोन वाजता उठून यंत्राचा काटा पाहिला, पांघरूण सारखे केले. खिडकीची फट कापडाने बुजवली होती तरी वाऱ्याची धार आत येत होती. तापमापक म्हणे पाच अंश दाखवणार होता, त्या रात्रीचा तसा अंदाज होता. चार फुटांवर पाच. आणि जमिनीलगत?

तेव्हा मला आठवले की या क्षणी मामा पाण्यात उभे आहेत.

वाचकहो, मी दिव्यावर पाखरू पडू नये म्हणून जाळी लावणाऱ्या घरातली. पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडणाऱ्या आजेसासूबाईंच्या गोष्टी मुलांना सांगणारी. वीस वर्षे दर रब्बीत एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी शेतीची वीज येते, आणि वीस वर्षे दर हिवाळ्यात हा माणूस आमच्या रानात मध्यरात्री अनवाणी दारं धरतो. वाफा भरला की फावड्याने दारं मोडायचे, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, पुन्हा पुढच्या. पाय घोट्यापर्यंत गाऱ्यात. एका हाती बॅटरी, कारण रानडुकरे येतात. तो गहू आमच्या घरी येतो, मी तो निवडते, सोधते, मर्यादेत दळते. तो कोणत्या वेळी भिजला हे मी एकदाही विचारले नव्हते. त्या रात्री विचार मनात आला तोही माझ्या घरात श्वास मोजला जात होता म्हणून.

फोन लावला. बराच वेळ वाजला.

“काय झालं बाई? आईसायबांचं बरं हाय ना?” त्यांना वाटले, यंत्र बंद पडले.

“त्या बऱ्या आहेत. तुम्ही कुठे आहात?”

“दारं धरायलोय. चार वाफे राह्यले.”

“मामा, राहू द्या ते. घरी जा.”

ते हसले असावेत. “आता मधीच सोडून कसं जावं? मोटर चालू हाय.”

मी आणखी काय म्हणणार होते? “शेकोटीजवळ बसा थोडे” असे काहीतरी बोलून फोन ठेवला. पुढे झोप आली नाही.

पहाटे मी लोखंडी पेटी उघडून सातबारा शोधून काढला. शेतावर सौर पंप बसवण्यासाठी राज्य शासनाची योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. पंप दिवसा चालतो. शेजारच्या दोन शेतांवर त्याच्या निळ्या पाट्या उभ्या आहेत, येता-जाता मी पाहिल्या आहेत. अर्जाला जमीनमालकाचा सातबारा लागतो. मामांच्या नावावर जमीन नाही, त्यामुळे तो अर्ज ते करू शकत नाहीत. आम्ही करू शकत होतो. केला नव्हता, कारण रात्रीच्या विजेची अडचण आम्हाला कधी भासलीच नव्हती. मामा भागवून घेत होते. हे मी यांना म्हणाले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तुषार संचाचेही विचारू. पंप मिळायला वेळ लागेल, संच तर बाजारात मिळतो. गमबूट आजच आणतो.” गमबुटांची किंमत मी येथे लिहीत नाही, कारण ती लिहायला मला संकोच वाटतो.

साडेआठला मामा आले. डोळे लाल, पायांच्या भेगांत काळी माती. सिलिंडर उघडताना आपला हात हवा, असे त्यांना वाटत होते, म्हणून झोपायला घरी न जाता सरळ इकडे. चहा घेतला आणि ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात भिंतीला टेकले, ते तसेच झोपी गेले. मी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. यांना उठवू दिले नाही.

दहाला पाच मिनिटे असताना आम्ही दोघांनीच चावी फिरवली. हाताला गार लोखंड, आतून बारीक फुसकारा, आणि काचेच्या नळीतील गोळी थरथरत वर येऊन दोनच्या रेषेवर थांबली. बाटलीत बुडबुडे सुरू झाले. आईंच्या नाकातील नळी यंत्रावरून काढून इकडे जोडली. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि हातानेच “ठीक” अशी खूण केली.

बरोबर दहा वाजता फ्रीजची घरघर थांबली. रिकामे चाललेले यंत्र एक लांब शिटी देऊन गप्प झाले. गेल्या तीन महिन्यांत प्रथमच त्या खोलीत शांतता झाली. बाहेर, बरेच लांब, खांबाला शिडी लावल्याचा आवाज आला आणि ओसरीवरून मामांचे घोरणे ऐकू आले.

आई म्हणाल्या, “सूनबाई, गव्हाचं पाणी पुरं झालं का गं?”

“झालं,” मी म्हणाले. “पहाटे पाचला.”